दंतठसा साहित्यांच्या यांत्रिक गुणधर्मांची तुलना

'''दंतठसा साहित्य''' म्हणजे दात, हिरड्या व टाळू यांचा उलटा साचा घेण्यासाठी दंतवैद्यकात वापरले जाणारे पदार्थ होत. हा पदार्थ मऊ अवस्थेत ट्रेमध्ये भरून तोंडात ठेवला जातो, तेथे तो घट्ट होतो व नंतर बाहेर काढला जातो. त्यात डेंटल स्टोन किंवा प्लास्टर ओतून तोंडाची प्रतिकृती तयार करतात. कवळी, कॅप, ब्रिज, दात सरळ करण्याची उपकरणे इत्यादी या प्रतिकृतीवर बनवली जातात. बोलीभाषेत या क्रियेला 'दातांचे माप घेणे' असे म्हणतात.

ठशाची अचूकता मुख्यतः साहित्याच्या यांत्रिक गुणधर्मांवर अवलंबून असते. बाहेर काढताना ताणला गेलेला पदार्थ मूळ आकारात किती परततो, तो किती लवचीक असतो, किती बलाने फाटतो आणि वेळ जाईल तसा किती आकसतो, हे त्यांतील प्रमुख प्रश्न होत. या सर्व कसोट्यांवर सर्वोत्तम ठरणारे एकही साहित्य नाही. शिवाय प्रमाणित मूल्ये नियंत्रित तापमानाच्या प्रयोगशाळेतील असतात. प्रत्यक्षात हवामान, पाण्याची प्रत व ठसा ओतण्यापर्यंत जाणारा वेळ यांमुळे साहित्याचे वर्तन बदलते. महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात हे तिन्ही घटक ठळकपणे एकत्र येत असल्याने या लेखात त्याचा उदाहरण म्हणून विचार केला आहे.

== इतिहास ==

ठसा घेण्यासाठी मेणाचा वापर अठराव्या शतकापासून नोंदलेला आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचे दंतवैद्य फिलिप फाफ यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेणाच्या ठशाची पद्धत वर्णिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्लास्टर ऑफ पॅरिस वापरात आले. त्याच सुमारास इंग्रज दंतवैद्य चार्ल्स स्टेंट (१८०७–१८८५) यांनी गटापर्चात स्टिअरिन मिसळून सुधारित ठसा-मिश्रण तयार केले. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवल्या जाणाऱ्या 'स्टेंट' या साधनाचे नाव त्यांच्याच आडनावावरून आले आहे.

हे सर्व पदार्थ घट्ट झाल्यावर ताठ होत असत. दाताचा मधला भाग फुगीर व हिरडीजवळचा भाग अरुंद असल्याने ताठ ठसा दातांवरून काढताना तो मोडतो किंवा विरूपित होतो. ही अडचण लवचीक साहित्याने दूर झाली. व्हिएन्ना येथील आल्फोन्स पोलर यांनी १९२०च्या दशकात समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगारचा ठशासाठी उपयोग सुरू केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अगारचा प्रमुख पुरवठादार असलेल्या जपानकडून होणारा पुरवठा थांबला आणि तपकिरी शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या वापराला चालना मिळाली. १९५०च्या दशकात पॉलिसल्फाइड व संघनन सिलिकोन, १९६०च्या दशकात जर्मनीत पॉलिईथर आणि १९७०च्या दशकात समावेशी सिलिकोन ही रबरासारखी साहित्ये आली.

== वर्गीकरण ==

दंतठसा साहित्याचे दोन मुख्य गट पडतात.

* '''ताठ साहित्य:''' ठसा-प्लास्टर, झिंक ऑक्साइड-युजेनॉल लेप आणि इम्प्रेशन कंपाउंड. ही प्रामुख्याने सर्व दात गेलेल्या जबड्याच्या ठशासाठी वापरली जातात.
* '''लवचीक साहित्य:''' यात दोन उपगट आहेत. अगार व अल्जिनेट ही पाणी धरून ठेवणारी जेल-साहित्ये पहिल्या उपगटात येतात. पॉलिसल्फाइड, संघनन सिलिकोन, समावेशी सिलिकोन व पॉलिईथर ही बहुवारिक रबरे दुसऱ्या उपगटात येतात.

अगार तापवल्यावर पातळ व थंड झाल्यावर पुन्हा जेल होते, म्हणजे त्याचा बदल उलटवता येतो. अल्जिनेटमध्ये कॅल्शियम सल्फेटमधून सुटलेले कॅल्शियम आयन अल्जिनेटच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडतात. ही रासायनिक क्रिया असल्याने घट्ट झालेले अल्जिनेट पुन्हा पातळ करता येत नाही.

== तुलनेचे निकष ==

=== स्थितिस्थापक पुनर्प्राप्ती ===

ताण काढून घेतल्यावर पदार्थ मूळ आकारात किती परततो, हे टक्केवारीत सांगणारे हे माप आहे. चाचणीत २० मिमी उंचीचा दंडगोलाकृती नमुना ठरावीक प्रमाणात दाबून सोडतात व थोड्या वेळाने त्याची उंची मोजतात. पुनर्प्राप्ती ९५ टक्के असेल तर नमुना १९ मिमी उरतो. ती ९९.५ टक्के असेल तर उंची १९.९ मिमी भरते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार रबरी साहित्यासाठी (आयएसओ ४८२३) किमान ९६.५ टक्के व अल्जिनेटसाठी (आयएसओ २१५६३) किमान ९५ टक्के पुनर्प्राप्ती आवश्यक आहे. रबरी साहित्याचा नमुना ३० टक्के, तर अल्जिनेटचा २० टक्के दाबला जातो. त्यामुळे दोन्ही गटांचे आकडे शेजारी ठेवताना रबरी साहित्याची कसोटी अधिक कठोर आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

ट्रे व दात यांच्यामधील साहित्याची जाडीही येथे महत्त्वाची असते. दाताच्या फुगीर भागावरून निघताना साहित्य ०.५ मिमी दबत असेल आणि त्याची जाडी केवळ १ मिमी असेल, तर विकृती ५० टक्के होते. जाडी ३ मिमी असल्यास तीच विकृती सुमारे १७ टक्क्यांवर येते. विकृती जितकी कमी, तितका कायमचा राहणारा बदल कमी. अल्जिनेटची जाडी सर्वत्र किमान ३ मिमी असावी, असे सांगितले जाते ते यामुळे.

=== लवचीकता ===

ठरावीक दाबाखाली नमुना किती टक्के आखूड होतो, यावरून लवचीकता मोजतात. हिला 'संपीडनातील विकृती' असेही म्हणतात. मूल्य कमी असेल तर साहित्य ताठ असते व ठसा काढण्यास अधिक जोर लागतो. मूल्य फार अधिक असेल तर डेंटल स्टोनच्या वजनानेही ठशाचे पातळ भाग वाकू शकतात. अल्जिनेटसाठी ही मर्यादा ५ ते २० टक्के आहे.

=== फाटरोध ===

पातळ थर फाटेपर्यंत किती बल सहन करतो, याचे हे माप आहे. ते न्यूटन प्रति मिमीमध्ये सांगतात. दोन दातांमधील फटीत व हिरडीच्या कडेखालील खोबणीत साहित्याचा थर अतिशय पातळ असतो. तेथे तो फाटल्यास कॅपच्या कडेची नोंद नष्ट होते. तुटलेला तुकडा खोबणीत राहिला तर हिरडीला सूज येऊ शकते.

=== मितीय स्थैर्य ===

तोंडातून काढल्यानंतर ठशाचे माप किती बदलते, ते या गुणधर्मावरून कळते. रासायनिक क्रियेतून बाहेर पडणारे बाष्पशील पदार्थ, पाण्याचे बाष्पीभवन वा शोषण आणि तापमानातील फरक ही या बदलाची मुख्य कारणे आहेत. ०.५ टक्के आकुंचन १० मिमी रुंदीच्या एका दातावर ०.०५ मिमी भरते, मात्र ४० मिमी लांबीच्या ब्रिजवर ते ०.२ मिमी होते. एका कॅपसाठी चालून जाणारे साहित्य लांब ब्रिजसाठी अपुरे ठरते ते या गुणाकारामुळे.

=== वेगाचा परिणाम ===

सर्व लवचीक ठसा-साहित्ये श्यान-स्थितिस्थापक असतात, म्हणजे त्यांचे वर्तन काही अंशी रबरासारखे आणि काही अंशी दाट द्रवासारखे असते. हळूहळू ओढल्यास त्यांच्यातील द्रवासारखा भाग वाहतो व कायमची विकृती वाढते. झटक्यात ओढल्यास ती कमी होते आणि फाटरोधही वाढतो. त्यामुळे ठसा डावी-उजवीकडे हलवत न काढता दातांच्या दिशेने एका झटक्यात काढतात.

== तुलनात्मक तक्ता ==

खालील मूल्ये दंतसाहित्याच्या पाठ्यपुस्तकांत सामान्यतः दिल्या जाणाऱ्या व्याप्तीनुसार आहेत. उत्पादन व घट्टपणाच्या प्रकारानुसार त्यांत फरक पडतो.

| साहित्य | पुनर्प्राप्ती (टक्के) | संपीडनातील विकृती (टक्के) | फाटरोध (न्यूटन प्रति मिमी) | २४ तासांतील आकुंचन (टक्के) |
|---|---|---|---|---|
| अगार | सुमारे ९९ | ४–१५ | सुमारे १ | साठवणीस अयोग्य |
| अल्जिनेट | सुमारे ९८ | ८–१५ | ०.४–०.७ | साठवणीस अयोग्य |
| पॉलिसल्फाइड | ९६–९८ | ११–१६ | २.५–७.० | ०.४–०.४५ |
| संघनन सिलिकोन | ९८–९९ | ३–९ | २.३–२.६ | ०.४–०.६ |
| समावेशी सिलिकोन | ९९.५ हून अधिक | १–६ | १.५–४.३ | सुमारे ०.१५ |
| पॉलिईथर | ९८–९९ | २–३ | १.७–४.८ | ०.२–०.२५ |

== साहित्यनिहाय वैशिष्ट्ये ==

'''अल्जिनेट''' स्वस्त, वापरण्यास सोपे व लवचीक आहे. त्याचा फाटरोध मात्र सर्वांत कमी आहे. ते हवेत पाणी गमावून आकसते व पाण्यात ठेवल्यास फुगते. बंद पिशवीत ठेवले तरी जेल स्वतःहून पाणी बाहेर टाकत राहते. म्हणून सर्वसाधारण अल्जिनेटचा ठसा सुमारे दहा मिनिटांत ओतावा, असा दंडक आहे. अधिक काळ टिकणारी काही सुधारित उत्पादनेही उपलब्ध आहेत.

'''पॉलिसल्फाइड''' सहजासहजी फाटत नाही. परंतु फाटण्यापूर्वी ते बरेच ताणले जाते आणि पूर्णपणे परत येत नाही. त्यामुळे न फाटलेला ठसाही चुकीचा असू शकतो. केवळ फाटरोधाच्या आकड्यावरून साहित्य निवडणे कसे फसवे ठरते, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

'''संघनन सिलिकोन''' घट्ट होताना इथाइल अल्कोहोल बाहेर टाकते. ते उडून गेल्याने ठसा आकसतो. त्यामुळे हा ठसाही लवकर ओतावा लागतो.

'''समावेशी सिलिकोन''' घट्ट होताना मुख्य क्रियेतून कोणताही उपपदार्थ तयार होत नाही. परिणामी त्याचे मितीय स्थैर्य व पुनर्प्राप्ती सर्वांत चांगली असते आणि ठसा काही दिवसांनीही ओतता येतो. त्यातील प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकाला गंधक बाधक असते. लॅटेक्सचे हातमोजे घालून पुट्टी मळल्यास ती नीट घट्ट होत नाही.

'''पॉलिईथर''' ओलसर पृष्ठभागावर चांगले पसरते व सूक्ष्म तपशील नेमका घेते. त्याचा ताठपणा मात्र अधिक असतो. हलणाऱ्या दातांवरून किंवा खोल खाचांमधून ते काढणे अवघड जाते. ते पाणी शोषत असल्याने ठसा कोरडा ठेवावा लागतो.

'''इम्प्रेशन कंपाउंड''' हे उष्णतेने मऊ होणारे ताठ साहित्य आहे. प्रमाणकानुसार ते तोंडाच्या म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापमानाला ६ टक्क्यांहून अधिक वाहू नये आणि ४५ अंशांना मात्र किमान ८५ टक्के वाहावे, अशी अपेक्षा असते. अवघ्या ८ अंशांच्या फरकाने घन भासणारा पदार्थ आकार सोडू लागतो.

== बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती ==

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके असून २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २५.८६ लाख आहे. त्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हा भाग 'घाटावरचा', तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, मोताळा, जळगाव जामोद व संग्रामपूर हा पूर्णा खोऱ्याकडील भाग 'घाटाखालचा' म्हणून ओळखला जातो.

=== उष्णता ===

घाटाखालच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे तापमान ४० अंशांच्या वर जाणे नेहमीचे आहे. अल्जिनेट मिसळण्याच्या पाण्याचे तापमान सुमारे १० अंशांनी वाढले, तर घट्ट होण्याचा वेळ साधारण एका मिनिटाने कमी होतो. छतावरील टाकीतून आलेले पाणी वापरल्यास ट्रे तोंडात नीट बसण्यापूर्वीच जेल तयार होऊ लागते. अशा अर्धवट बनलेल्या जेलवर दाब दिल्यास त्याचे जाळे तुटते, साहित्याचे बल घटते आणि आत अडकलेला ताण ठसा काढल्यावर त्याला वाकवतो. थंड पाणी वापरणे हा यावरील सोपा उपाय आहे. अल्जिनेटची भुकटीही उष्णतेने खराब होते. ५४ अंशांवर साठवल्यास तिची प्रत काही महिन्यांत घसरते. पत्र्याच्या छताखाली किंवा उन्हातील वाहनात ठेवलेल्या डब्याला हा धोका संभवतो.

कंपाउंडच्या बाबतीत उष्णतेचा परिणाम अधिक थेट असतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात तापमान ४५ अंशांच्या पुढे सहज जाते. त्यात ठेवलेला ठसा दिसायला सुस्थितीत वाटला तरी त्याच्या कडा खचलेल्या असू शकतात. समावेशी सिलिकोनवर होणारा परिणाम याहून सौम्य असतो. ते दर अंशामागे सुमारे ०.०२ टक्के प्रसरण पावते. ५० अंशांपर्यंत तापलेला ठसा त्यामुळे तोंडातील मापापेक्षा सुमारे ०.२६ टक्के मोठा होतो, पण थंड झाल्यावर तो पूर्ववत होतो. त्यामुळे बाहेरून आलेला ठसा खोलीच्या तापमानाला येऊ देऊन मगच ओततात.

विदर्भात उन्हाळ्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाण्याच्या कूलरचाही येथे संबंध येतो. कूलरमुळे खोली थंड होते व अल्जिनेटमधील पाण्याचे बाष्पीभवन मंदावते. पण हवेतील आर्द्रता वाढल्याने उघड्या डब्यातील भुकटी ओल धरते आणि पॉलिईथरचा ठसा पाणी शोषू शकतो.

=== पाणी ===

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण अधिक आहे. अल्जिनेट घट्ट होण्याची क्रियाच कॅल्शियम आयनांवर चालत असल्याने जड पाण्यातील जास्तीचे कॅल्शियम ती क्रिया लवकर घडवून आणते. ठशात ओतल्या जाणाऱ्या प्लास्टर व डेंटल स्टोनचा घट्ट होण्याचा वेळही क्षारांमुळे बदलतो. म्हणजे पाण्याच्या एकाच दोषाचा परिणाम ठसा व प्रतिकृती या दोन्ही टप्प्यांवर होतो. या कारणासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरण्याची शिफारस केली जाते.

=== अंतर व वेळ ===

दंतवैद्याकडे स्वतःची दंत-प्रयोगशाळा नसल्यास ठसा किंवा प्रतिकृती दुसऱ्या शहरात पाठवावी लागते. अल्जिनेटचा ठसा असा प्रवास सहन करू शकत नाही. तो दवाखान्यातच ओतून प्रतिकृती पाठवणे आवश्यक ठरते. समावेशी सिलिकोनचा ठसा मात्र दुसऱ्या दिवशी पोहोचला तरी त्याच्या मापात नगण्य फरक पडतो. त्याची किंमत अल्जिनेटच्या तुलनेत बरीच जास्त असते. परंतु चुकलेल्या मापाची कवळी किंवा कॅप पुन्हा करावी लागल्यास खेड्यातून येणाऱ्या रुग्णाची मजुरी बुडते, प्रवासखर्च वाढतो आणि पुन्हा खेप घालावी लागते. साहित्याच्या स्वस्ताईचा हिशेब करताना हा खर्चही विचारात घ्यावा लागतो.

=== तोंड कमी उघडणारे रुग्ण ===

सुपारी, खर्रा व गुटखा यांच्या सेवनाने होणारा ओरल सबम्यूकस फायब्रोसिस हा विकार विदर्भासह भारताच्या अनेक भागांत आढळतो. त्यात गालांचे आतील अस्तर तंतुमय व ताठ बनून तोंड उघडणे कमी होत जाते. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आहे. सर्वसाधारण प्रौढाचे तोंड सुमारे ३५ ते ५० मिमी उघडते. तीव्र विकारात ते २० मिमीपेक्षाही कमी उघडू शकते. अशा रुग्णाच्या तोंडात पॉलिईथरसारखे ताठ साहित्य घट्ट झाल्यास ट्रे बाहेर काढणे कठीण व वेदनादायक होते. येथे लवचीकता ही सोयीपुरती बाब न राहता निवडीचा पहिला निकष बनते. लवचीक साहित्य आणि दोन भागांत काढता येणारा ट्रे यांचा एकत्रित वापर अशा वेळी केला जातो.

== साहित्याची निवड ==

वरील तुलनेवरून पुढील सर्वसाधारण संकेत निघतात.

* अभ्यासासाठीची प्रतिकृती, दात सरळ करण्याची उपकरणे व कवळीचा प्राथमिक ठसा यांसाठी अल्जिनेट पुरेसे असते, मात्र ते त्वरित ओतता आले पाहिजे.
* कॅप व ब्रिज यांसाठी, विशेषतः ठसा दूर पाठवायचा असल्यास, समावेशी सिलिकोन उपयुक्त ठरते.
* ओलसर पृष्ठभागाचा सूक्ष्म तपशील हवा असेल, दात पक्के असतील व तोंड पुरेसे उघडत असेल तर पॉलिईथर योग्य असते.
* दात नसलेल्या जबड्यात खोल खाचा नसतील तर लवचीकतेची गरज कमी असते. तेथे कंपाउंड व झिंक ऑक्साइड-युजेनॉल लेप आजही उपयोगी पडतात.

== तुलनेच्या मर्यादा ==

प्रयोगशाळेतील नमुना एकसारखा, गुळगुळीत व सरळ असतो, तर तोंडातील ठशाची जाडी जागोजागी बदलते आणि त्यावर लाळ व रक्त यांचा परिणाम होतो. निर्जंतुकीकरणासाठी ठसा द्रावणात किती वेळ बुडवला, यानेही मापात फरक पडतो. त्यामुळे एखाद्या साहित्याचा एकच आकडा त्याच्या प्रत्यक्ष उपयुक्ततेचे पूर्ण मोजमाप ठरत नाही.

तोंडाच्या आत फिरवल्या जाणाऱ्या अंकीय स्कॅनरमुळे ठसा-साहित्याशिवाय थेट संगणकीय प्रतिकृती मिळू लागली आहे. त्यात पुनर्प्राप्ती, फाटरोध व आकुंचन हे प्रश्न उद्भवत नाहीत आणि माप दूरच्या प्रयोगशाळेत तत्काळ पोहोचते. तथापि हिरडीखाली झाकलेली कड स्कॅनरला दिसत नाही, दात नसलेल्या जबड्यातील हलणाऱ्या मऊ ऊतींची नोंद घेणे अवघड असते आणि उपकरणाची किंमतही मोठी असते. त्यामुळे ठसा-साहित्यांचा वापर अद्याप मोठ्या प्रमाणावर सुरू आहे.